रुमाल टाकलेली खुर्ची

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी तिथून उठून जाते. भीती वाटते म्हणून नाही, कंटाळा येतो म्हणून. पेणजवळच्या आमच्या जोहे गावात कुणाला शेताच्या बांधावर बाई दिसते, कुणाला खाडीकडे दिवा दिसतो... आणि खोलात जाऊन विचारलं तर ज्याला दिसलं तो माणूस भलताच कुणीतरी असतो. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, अजूनही बसत नाही. तरी हे लिहायला बसले आहे, कारण यात जी बाई दिसली ती मी आहे.

मी वनिता. शिक्षण चौथीपर्यंत, पण वाचायची सवय सुटू दिली नाही. मासिकात लोकांचे असे अनुभव येतात ते मी वाचते. हे तिथे पाठवीन की ट्रंकेत ठेवीन ते अजून ठरलेलं नाही. चार माणसांत बोलायला मला जमत नाही, लिहायला त्यातल्या त्यात बरं.

वडील गेले तेव्हा मी चौथीत होते आणि माझा भाऊ रवी पाळण्यात. त्या वर्षीच मी गणपतीच्या कारखान्यात बसायला लागले. आधी माती मळली, मग घासकाम केलं, मग रंग. आता कित्येक वर्षं मी फक्त डोळ्यांची आखणी करते. आखणी सगळ्यात शेवटी होते. मूर्ती पूर्ण रंगते आणि मग डोळे. हात जरा हलला तर देव तिरळा बघतो. म्हणून आमच्या कारखान्यात एक रीत आहे. आखणी चालू असताना त्या माणसाला कुणी हाक मारायची नाही, बोलायचं नाही. कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा लावलेला आहे, त्याच्या आत मी लोकांकडे पाठ करून बसते. फटीतून माझी पाठ तेवढी दिसते. माझ्यासारख्या बाईला हे काम फार सोयीचं.

रवी शाळेतून आला की तिथेच येऊन बसायचा आणि ही रीत मोडायचा प्रयत्न करायचा. त्याला मला हसवायचं असायचं. गिऱ्हाइकांच्या नकला, मालकांचं शिंकणं, आमच्या आईचं भांडण... सगळं माझ्या पाठीमागे. बाकीच्या बाया लोळायच्या हसून. मी ओठ दातांत धरून ब्रश चालवत राहायची.

“ताय, हस की गो!”

“गणपती तिरळा झाला तर तुझा कान धरून मालकासमोर उभा करीन.”

एकदाही मी हसले नाही. तो म्हणायचा, तुला हसवलं की माझी परीक्षा पास.

हाच रवी पुढे नाटकात गेला. आधी गावच्या स्टेजवर, मग पेणला, मग मुंबईकडच्या ट्रूपमध्ये. त्याची एक भूमिका इतकी चालली की त्याचं नावच बुजलं. लोक त्याला फेंगड्या म्हणतात. पाय फाकवून, ताठ चालतो म्हणून. पोस्टरवर ते नाव, मोबाईलवर ते नाव. मला कुणी मोबाईल पुढे केला की मी मान वळवायची. त्याचं बघायचं नव्हतं असं नाही. मी बघत असताना लोक माझ्या तोंडाकडे बघतात, ते सहन होत नाही. म्हणून मी त्याचा एकही प्रयोग पाहिला नव्हता. तो दर प्रयोगाला पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर स्वतःचा रुमाल टाकून ठेवायचा, यष्टीत आपण खिडकीतून जागा धरतो तसा. ती खुर्ची माझी. मी कधी गेले नाही, तरी रुमाल पडायचा.

आई गेली तेव्हा मला त्याची खरी अवस्था कळली. मडकं धरून तो पुढे चालत होता. अनवाणी, रस्त्यावरची खडी टोचत होती म्हणून पाय वाकडे पडत होते. हमरस्त्याला लागलो तर रस्त्याकडेचे लोक थांबले. कुणीतरी ओरडलं, “अरे, फेंगड्या!” दोघा-तिघांनी मोबाईल काढले. एक बाई लेकराला उचलून दाखवत होती. ती वाईट बाई नव्हती, तिला तिरडी दिसलीच नसावी. रवी पुढे बघत चालत राहिला. त्या दिवशी तो रडला नाही. घरी आल्यावर मला म्हणाला, “ताय, मी रडलो असतो तर टाळ्या पडल्या असत्या.”

त्यानंतर तो कमी बोलायला लागला. पनवेलला एकटा राहायचा. हॉटेलात जेवायला बसला की लोक चित्रण करतात म्हणून खोलीवर बिस्किटं खाऊन झोपायचा. डॉक्टरकडे गेला झोप येत नाही म्हणून सांगायला, तर कंपाउंडरपासून सगळे हसत होते. हे तो मला फोनवर हसवायच्या सुरात सांगायचा. मी हसायची नाही. ती आमची जुनी सवय.

आता मूळ गोष्ट.

मागच्या पावसाळ्यात गणपतीचं काम जोरात होतं. एका संध्याकाळी मी आखणी संपवून हात धुवायला उठले तर फोन वाजला.

“ताय, आज आलीस. बरं वाटलं.”

“कुठं आले?”

“नागोठण्याला गो. खुर्चीत बसली होतीस. मोरपंखी साडी, आणि हाताला रंग तसाच. हात तरी धुवायचेस.”

“येड लागलंय काय तुला? मी हितं कारखान्यात हाय.”

तो हसला. “बरं, नको सांगू. लाज वाटत असंल.”

मी हाताकडे बघितलं. रंग होता. अंगावर मोरपंखी साडी होती. पण ती मी कामाला नेहमीच नेसते, त्याला माहीत आहे. थट्टा करतोय म्हटलं आणि सोडून दिलं.

पुढचा प्रयोग पेणला झाला. त्या दिवशीही मी दिवसभर पडद्याआड होते. दुसऱ्या दिवशी शकू माझ्याशेजारी येऊन बसली. शकू रंगकाम करते, माझी एकुलती एक मैत्रीण. तिचा नवरा कंपनीत आहे, पहिली शिफ्ट संपवून मित्रांबरोबर प्रयोगाला गेला होता.

“वने, आमच्या ह्यांनी तुला काल हात केला, तू बघितलं पण नाय म्हणं.”

“कुठं?”

“नाटकाला! पुढं बसलेलीस. सगळे हसत हुते आणि तू आपली कोर्टात बसल्यागत.”

“शके, तू काल माझ्यासंगती हितं नव्हतीस का?”

“हुते की. म्हणून तर त्यांना म्हटलं, वनी पडद्यामागं आखणी करत हुती.” ती थांबली. “म्हंजे... पाठ दिसत हुती तुझी.”

तिने पडद्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, “त्यांना चष्मा लागलाय,” आणि उठून गेली. चष्मा त्याला नाही लागलेला. मला रात्रभर एकच वाटत राहिलं. मी कारखान्यातच होते, हे मला नक्की माहीत आहे का? आखणी करताना मला वेळेचं भान नसतं. पण भान नसलं म्हणून माणूस जोह्याहून पेणला जात नाही.

रोह्याचा प्रयोग होता त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आवाज ऐकूनच मी बसले. इतक्या वर्षांत तो इतका शांत मी ऐकला नव्हता.

“ताय, आज प्रयोग झाला की मी येतो तुझ्याबरोबर.”

“माझ्याबरोबर? कुठं?”

“तूच म्हणालीस ना. पेणला, पडदा पडल्यावर विंगेत आलीस. म्हणालीस, लय केलंस, आता चल. रोह्याला पुलावर थांबते, अष्टमी गावाकडच्या.”

रोह्याची कुंडलिका नदी तेव्हा दोन्ही काठ भरून चालली होती.

“रव्या, नीट ऐक. ती मी नाय. मी पेणला आलेच नाय. पुलावर माझं काय काम?”

तो हसला, अगदी मायेनं. “हसवू नकोस. तू हसवायला लागलीस तर मी काय करू?”

फोन बंद झाला. मी परत लावला तर बंदच. प्रयोगाच्या दिवशी एकदा बोलून झालं की तो प्रयोग संपेपर्यंत फोन बंदच ठेवतो. शकूने पोस्टरवरचा तिकिटांचा नंबर शोधून लावून दिला. मी अनोळखी माणसाशी फोनवर बोलत नाही, त्या दिवशी बोलले.

“मी फेंगड्याची बहीण. त्याला आज एकटं सोडू नका. त्याच्या मनाचं बरं नाय.”

पलीकडचा माणूस हसायला लागला. “भारी आहे! हे नवीन टाकलंय का प्रयोगात?”

“मी खरं बोलते.”

“हो हो, बहीण ना! सांगतो त्याला.” आणि हसतच ठेवून दिला.

तेव्हा मला कळलं की माझ्या भावाबद्दल खरं काही सांगितलं तर ऐकणारं माणूस आता शिल्लक नाही. मलाच जायला हवं होतं.

समोर एक मूर्ती होती, मध्यम उंचीची, सगळी रंगून तयार, फक्त डोळे राहिलेले. मी रंगाची वाटी झाकली. शकूला म्हटलं, “मी रोह्याला चालले.”

“एकटी? अगो तू पेणच्या बाजारात दर विचारत नाहीस, रोह्याला जातेस?”

“जाते.”

जोह्याहून पेण, पेणहून रोह्याची यष्टी. कंडक्टरने तिकीट फाडताना विचारलं, “फेंगड्याला बघायला का मावशी? आज सगळी गाडी त्याचीच हाय.” मागच्या सीटवरची दोन मुलं त्याचे संवाद म्हणत होती आणि हसत होती. मी खिडकीकडे तोंड करून बसले. उतरायचं मनात आलं नाही. मनात एकच होतं. ती जी कोण तिथे बसते, तिच्याआधी मला त्या खुर्चीत बसायचं आहे.

रोह्याला हॉलच्या दारात खुर्च्यावाले हमीदभाई उभे होते. ते मंडपाचं काम करतात, नाव मला नंतर कळलं. मला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“ओ बाई, तुम्ही आताच आत गेल्या ना? भायेर कुठनं आल्या?”

“मी आत्ताच आले. यष्टीतनं.”

“ह्येच लुगडं. रवीभाऊची बहीण ना? मीच खुर्ची दाखवली तुम्हाला.” ते माझ्या डोक्याकडे बघत होते. “फक्त ह्ये नव्हतं.”

मी हात लावला. अंबाड्यात ब्रश खोचलेला होता. डोळ्यांचा ब्रश. काम थांबवलं की तो अंबाड्यात खोचायची मला सवय आहे. घाईत तसाच राहिला होता. कारखान्यात एवढा बारीक ब्रश दुसरा नाही. त्याचे केस मीच एकेक कापून कमी केलेत. त्याला दुसऱ्या कुणी हात लावत नाही.

“मला आत जायचंय,” मी म्हणाले. माझा आवाज मोठा निघाला, चार माणसं वळली. हमीदभाईंनी दार उघडलं.

पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. रुमाल सीटवर नव्हता. त्याची नीट घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवली होती, मी जशी घडी घालते तशी. चौकोनी घडी, एक टोक आत. मी खाली बसले आणि... खुर्ची ऊबदार होती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी. शेजारची प्लास्टिकची खुर्ची पावसाळी हवेने गार होती, मी हात लावून बघितला. उठून पळावंसं वाटलं. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि बसून राहिले. मनात म्हटलं, आता ही जागा सोडायची नाही.

पडदा उघडला. आधी दोन-तीन माणसं येऊन काही बोलली, मला एक शब्द कळला नाही. मग बाजूने कुणीतरी आरोळी दिली आणि हॉल टाळ्यांनी भरला. रवी आत आला.

पाय फाकवलेले, गुडघे ताठ, प्रत्येक पावलाला थांबून पाय झटकणं, मान पुढे-मागे. तोंडावर रंग. आणि डोळे... डोळ्यांचं माझं कामच आहे. ते डोळे कुठेच बघत नव्हते. आखायचे राहून गेले असावेत असे.

त्याने चालत चालत खुर्चीकडे नजर टाकली. मी बसलेली बघून एकदा मान हलवली. ओळखीची, निरोपाची मान. मला ती मान कळली.

त्याच वेळी त्याने परत पाय झटकला, आणि मला कोंबडी आठवली.

आमच्या कारखान्यात एक कोंबडी होती. एकदा ती ओल्या प्लास्टरच्या घमेल्यात शिरली आणि बाहेर आली तोवर पायांवर प्लास्टर सुकत आलेलं. मग ती अशीच चालली. फाकून, ताठ, प्रत्येक पावलाला थांबून पाय झटकत, आणि एवढं होऊनही मान अशी की कारखाना तिचाच. रवी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेल. तिच्यामागून तो तसाच चालत आला होता, माझ्या पाठीमागे, आणि मी ओठ दातांत धरून ब्रश चालवत राहिले होते. सगळा मुलूख ज्या चालीवर हसतो ती आमची कोंबडी होती! मी कधी बघितलंच नाही म्हणून मला माहीत नव्हतं.

मी हसले. हसले म्हणजे फुटलेच. तेव्हाचं धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तो अजून एक शब्द बोलला नव्हता, हॉलमध्ये टाळ्या थांबून शांतता झाली होती, आणि त्या शांततेत मी एकटी हसत होते. लोक वळून बघायला लागले. एरवी मी तिथेच मेले असते. मला थांबता आलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

रवी एक पाय उचललेला तसाच उभा राहिला.

“ताय?”

हॉलमध्ये हशा झाला. त्यांना वाटलं प्रयोगातलंच आहे.

“कोंबडी!” मी म्हणाले. एवढंच बोलता आलं.

त्याने पाय खाली टेकला. माझ्याकडे बघितलं, आणि यावेळी खरंच बघितलं. मला दिसलं की डोळे आले. मग त्याने स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला, रंग पुसटला, आणि तो पुढे बोलायला लागला. प्रयोग पूर्ण केला त्याने. लोक म्हणत होते, आज वेगळाच रंगला.

पडदा पडायच्या आधीच मी विंगेत जाऊन उभी राहिले. कुणाला विचारलं नाही. तो आत आला तसं त्याचं मनगट धरलं. सेल्फीवाले आलेच. एक जण म्हणाला, “ताई, जरा बाजूला व्हा, दोन मिनिटं फेंगड्या आम्हाला द्या.”

“आज नाय. त्याचं नाव रवी हाय, आणि त्याला भूक लागलीय.”

परक्या माणसाला असं तोंडावर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्या माणसाने मोबाईल खाली केला.

बाहेर आल्यावर रवी पुलाच्या दिशेला बघत उभा राहिला. “तिकडनं जाऊया का ताय?”

“नाय. यष्टीने.”

गाडी लागली तशी मी खिडकीतून आत रुमाल टाकला. दोघांची जागा मिळाली. तो टॉवेल तोंडावर घेऊन माझ्या खांद्याला डोकं टेकून बसला. पेण येईपर्यंत मी मनगट सोडलं नाही.

घरी भाकरी आणि सुकट खाल्ल्यावर तो म्हणाला, “मी खुर्चीतल्या तिला हसवायला दोन्ही वेळा जीव काढला. सगळा हॉल हसला, ती नाय. तू पण हसायची नाहीस, म्हणून वाटलं तूच. बरं वाटलं, एक तरी माणूस मला फेंगड्या समजत नाय म्हणून.” त्याने ताट बाजूला सारलं. “आज तू हसलीस तेव्हा कळलं, ती तू नव्हतीस.”

“पुलावर काय करणार होतास?”

“ती म्हणंल ते.”

मी त्याचं अंथरूण घातलं. तो झोपला. उन्हं वर आली तरी उठला नाही. मी त्याच्यावर पांघरूण टाकून कारखान्यात गेले.

शकू म्हणाली, “काय गो, काल लवकर आलीस रोह्यानं? दिवेलागणीला बघते तर पडद्यामागं पाठ! हाक मारणार हुते, पण ब्रश चाललेला, म्हटलं नको.”

मी पडदा बाजूला केला. झाकलेली वाटी उघडी होती. त्या मूर्तीचे डोळे आखून झाले होते.

मालक पण येऊन बघून गेले होते, म्हणाले वनिताचा हात आता फारच बसलाय. हात माझाच होता, कुणीही सांगेल. पापणीची रेघ मी बाहेर नेऊन सोडते तिथे ती किंचित वर उचलते. ती पण तशीच होती. केसाएवढी बारीक.

ब्रश माझ्या अंबाड्यात होता. आदल्या दिवसापासून. रोह्याला, विंगेत, यष्टीत, घरी, सगळीकडे.

मी त्या मूर्तीसमोर पुष्कळ वेळ बसले. डोळे सुंदर होते, शांत होते, आणि कुठे बघतात ते मला कळलं नाही. ती मूर्ती गिऱ्हाइकाला जाऊ दिली नाही, मीच घरी आणली. दीड दिवस पुजली. रवी समोर बसला होता. दार लावून घेतलं होतं, त्यामुळे त्याला कुणी काही करून दाखव म्हटलं नाही. विसर्जनाला तो रडला, आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

शकूला मी सगळं सांगितलं. ती म्हणते देवाचं काहीतरी असेल. शकूचा नवरा म्हणतो मीच आखणी करून गेले असेन आणि विसरले. हमीदभाईंना रवीने फोनवर विचारलं. ते म्हणाले, मी दोन वेळा दार उघडलं, शपथेवर सांगतो. यातलं कुठलंच मला पूर्ण पटत नाही. ती कोण होती, वाईट होती की माझ्याहून आधी त्याच्यापाशी पोचलेलं माझंच काही होतं, मला आजही सांगता येत नाही. आणि ती भावाला न्यायला आली होती, हे मी विसरलेले नाही.

रवी आता मोजके प्रयोग घेतो. पेण, रोहा, अलिबाग, जिथे यष्टी जाते तिथे मी जाते. लाज अजून वाटते. बाजूचे लोक कुजबुजतात, ती बघ ती हसणारी बहीण. मी रुमाल उचलते, सीटवर हात ठेवून बघते, आणि बसते.

एकदोनदा सीट ऊबदार लागली. मी उठले नाही. तिला माझं कारखान्यातलं काम करायचं असेल तर करू दे. खुर्ची माझी आहे.